वाळवी आणि घराची राखण

डहाणूहून किनाऱ्याच्या रस्त्याने उत्तरेकडे निघाले, की थोड्याच अंतरावर नरपड हे गाव लागते. पश्चिमेस अरबी समुद्र, त्याच्या काठाने सुरूची उंच झाडे आणि गावाच्या अंगाने पसरलेल्या चिकूच्या वाड्या, असे या गावाचे रूप आहे. येथे पाऊस भरपूर पडतो आणि पावसाळा सरला तरी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात दमटपणा असतोच. ही उबदार, ओलसर हवा चिकूला चांगली मानवते. डहाणू-घोलवड भागातील चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु हीच हवा आणखी एका जिवाला मानवते. तो सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही, त्याचा आवाज ऐकू येत नाही आणि तो घरात शिरल्याचे घरच्या माणसांना बहुधा फार उशिरा कळते. हा जीव म्हणजे वाळवी.

जुन्या कौलारू घरांतून एक प्रकार पुष्कळदा घडतो. ओटीवरचा लाकडी खांब वर्षानुवर्षे जागच्या जागी उभा असतो. त्याला रंग दिलेला असतो, वरून त्यावर ओरखडाही नसतो. एखाद्या दिवशी भिंत झाडताना केरसुणीचा दांडा त्याच्यावर आपटतो आणि भरीव लाकडाच्या टणक आवाजाऐवजी रिकाम्या डब्यासारखा आवाज येतो. बोटाने दाबून पाहावे, तर रंगाचा पापुद्रा आत जातो. आतले लाकूड नाहीसे झालेले असते आणि त्याच्या जागी माती भरलेली असते. खांब उभा असतो, पण त्याच्यात भार सोसण्याची शक्ती उरलेली नसते.

हे काम करणारी वाळवी दिसायला अगदी क्षुद्र असते. तिचा रंग फिकट असतो, म्हणून काही लोक तिला पांढरी मुंगी म्हणतात. परंतु ती मुंगी नव्हे. मुंगीची कंबर बारीक असते, वाळवीचे अंग सरळसोट असते. मुंगीच्या मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात, वाळवीच्या मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ असतात. शास्त्रज्ञांच्या मते वाळवीचे जवळचे नाते मुंगीशी नसून झुरळाशी आहे. मुंग्या तर वाळवीच्या शत्रूच होत. संधी मिळताच त्या वाळवीला पकडून नेतात. जगात वाळवीच्या सुमारे ३००० जाती आहेत.

वाळवी एकटी राहत नाही. तिची मोठी वसाहत असते आणि त्या वसाहतीत प्रत्येकाचे काम ठरलेले असते. राणी अंडी घालते. वारूळ बांधणाऱ्या जातींतील राणीचे पोट फुगून माणसाच्या बोटाएवढे होते आणि ती दिवसाला हजारो अंडी घालते. तिच्याजवळ राजा राहतो. सैनिकांचे डोके मोठे व जबडे बळकट असतात. ते वसाहतीचे रक्षण करतात, पण त्यांना आपले अन्न आपण खाता येत नाही, कामकरी त्यांना भरवतात. कामकरी वाळवीची संख्या सर्वांत अधिक असते. अन्न आणणे, पिलांना वाढवणे, माती वाहून घर बांधणे ही सर्व कामे तीच करते. घरातील लाकूड पोखरते तीही हीच कामकरी वाळवी. बहुतेक जातींत तिला डोळे नसतात. अंधारातच जन्म आणि अंधारातच काम, असे तिचे आयुष्य असते.

लाकूड, कागद, सुती कापड व वाळलेले गवत या सर्वांत एक चिवट पदार्थ असतो. माणसाला तो पचत नाही. वाळवीच्या पोटात राहणारे सूक्ष्म जीव तो पचवण्यास तिला मदत करतात. काही जाती तर वारुळात एक प्रकारची बुरशी वाढवतात व तिच्याकडून लाकडाचा चोथा मऊ करून घेतात. पावसाळ्यात काही वारुळांच्या अंगावर अळंबी उगवतात, त्या याच बुरशीला आलेल्या असतात.

रानात वाळवी निरुपयोगी नाही. पडलेली झाडे, वाळलेल्या फांद्या व पालापाचोळा ती मातीत मिळवते. ती नसती, तर जंगलात मेलेल्या लाकडाचे ढीग साचले असते. तिने जमीन पोखरल्यामुळे पावसाचे पाणी आत मुरते. मातीचे कण लाळेने चिकटवून ती जे वारूळ उभारते, त्याची रचनाही नवलाची असते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, बंगळूर येथील वारुळांच्या एका अभ्यासात असे दिसून आले, की दिवसाच्या व रात्रीच्या उष्णतेतील फरकामुळे वारुळातील हवा खेळती राहते. आपल्याकडे नागपंचमीला वारुळाची पूजा करतात. वाल्मीकी ऋषींचे नावही वल्मीक म्हणजे वारूळ या शब्दावरूनच आले आहे. ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. वारूळ वाळवी बांधते आणि त्यात राहायला नाग येतो. सारांश, वाळवी रानात असते तोवर तिच्याशी माणसाचे भांडण नाही. पडलेला ओंडका आणि घराचा खांब यांतील फरक तिला कळत नाही, एवढाच तिचा दोष. तो फरक माणसाने राखावयाचा असतो.

तो कसा राखावा, हे समजण्यासाठी वाळवीचे एक मोठे वैगुण्य ध्यानात घेतले पाहिजे. तिचे अंग फार नाजूक असते. उघड्या, कोरड्या हवेत ते लवकर सुकते आणि ती मरते. म्हणून जमिनीत राहणारी वाळवी उघड्यावरून चालत नाही. जमिनीतून लाकडापर्यंत जाताना ती मातीची बंद नळी बांधते आणि तिच्या आतून ये-जा करते. या नळीत काळोख असतो, ओल असते आणि मुंग्यांपासून संरक्षणही मिळते. घरातील अन्न काही माणसाला लपवता येत नाही. दारे, खिडक्या, वासे, कपाटे, पुस्तके ही सारी तिला अन्नच वाटतात. परंतु वाळवीला अन्नाखेरीज आणखी तीन गोष्टी लागतात. मातीशी संबंध, ओल आणि निवांतपणा या त्या तीन गोष्टी होत. त्या तिला मिळू दिल्या नाहीत, तर ती घरात सहसा टिकत नाही.

वाळवी लपून काम करीत असली, तरी ती काही खुणा मागे ठेवते. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखांच्या किड्यांचे थवे जमतात, त्यांत पुष्कळदा वाळवीचे नर व माद्या असतात. नवी वसाहत करण्यासाठी त्या बाहेर पडलेल्या असतात. त्यांचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात. पंखांच्या मुंगीचे पुढचे पंख मात्र मोठे असतात. सकाळी घराच्या आतील खिडकीखाली गळलेल्या पंखांचा खच दिसला, तर वसाहत घरातच असण्याचा संभव असतो. दुसरी खूण मातीच्या नळ्यांची. त्या पेन्सिलीएवढ्या जाड असतात आणि जोत्यावर, भिंतीच्या कोपऱ्यात, चौकटीच्या मागे किंवा पाण्याच्या नळाच्या कडेने वर चढलेल्या दिसतात. तिसरी खूण आवाजाची. ठोकून पाहिले असता लाकूड पोकळ वाजते. चौथी खूण अशी, की लाकडावरचा रंग कारण नसताना सुरकुततो किंवा फुगतो आणि दार चौकटीत अडू लागते. वाळवीची एक जात मातीशी संबंध न ठेवता कोरड्या लाकडातच राहते. तिच्या नळ्या नसतात, पण लाकडाखाली खसखशीसारख्या बारीक, कठीण कणांची रास पडते.

एखादी नळी आढळली, तर वाळवी आत आहे की ती जागा सोडून गेली आहे, हे पाहण्याची साधी रीत आहे. नळीचा बोटभर भाग मोडावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. मोडलेला भाग ताज्या ओल्या मातीने सांधला असेल, तर वाळवीचे येणे-जाणे चालू आहे, असे निश्चित समजावे. मात्र तो सांधला नाही, म्हणून निर्धास्त राहू नये. तिने दुसरी वाट धरलेली असू शकते.

एवढ्याशा किड्याची इतकी चिंता कशासाठी, असे कोणाला वाटेल. डहाणू व तलासरी भागातील लोकांना याचे उत्तर सहज पटेल. २०१८ च्या नोव्हेंबरपासून या भागात भूकंपाचे धक्के जाणवू लागले. धुंदलवाडीच्या आसपास ते वारंवार बसले आणि १ फेब्रुवारी २०१९ या एकाच दिवशी अनेक धक्के बसले. घरांच्या भिंतींना तडे गेले आणि पुष्कळ कुटुंबांनी थंडीच्या रात्री घराबाहेर तंबूत काढल्या. जमीन हादरते तेव्हा छपराचा भार खांब व तुळया यांवर येतो. भरीव खांब तो सोसतो. पोकळ खांब दगा देतो. म्हणून खांबाची परीक्षा धक्का बसण्यापूर्वी घेतलेली बरी. छपराखाली झोपणाऱ्या माणसांच्या जिवाचा हा प्रश्न आहे.

वाळवी कागदही खाते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे शोधली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे खंड प्रसिद्ध केले. त्यांच्यासारख्या संशोधकांच्या हाती लागण्यापूर्वीच किती तरी कागद माळ्यावरच्या पेटाऱ्यांत वाळवी, कसर व पाऊस यांनी नष्ट केले होते. कोसळलेले घर पुन्हा बांधता येते. एकुलता एक कागद गेला की त्यावरचा मजकूर कायमचा जातो. जमिनीचे उतारे, शाळेचे दाखले, वडील माणसांची पत्रे हीसुद्धा घराघरांतील दप्तरेच होत.

वाळवी लाकडाबरोबर दूरदेशीही जाते. नेपोलियनला जेथे कैदेत ठेवले होते, त्या सेंट हेलेना बेटावर १८४० च्या सुमारास पकडलेल्या एका गुलामवाहू जहाजाचे लाकूड उतरवून ठेवण्यात आले. त्या लाकडात वाळवी होती. पुढील वीस-पंचवीस वर्षांत तिने जेम्सटाउन या गावातील घरे आणि पुस्तके यांची इतकी नासाडी केली, की गावाचा बराच भाग नव्याने बांधावा लागला. जुने लाकूड, जुनी चौकट किंवा जुने कपाट घरात आणण्यापूर्वी ते नीट तपासून का घ्यावे, हे या उदाहरणावरून कळते.

आता प्रतिबंधाचे उपाय पाहू. पहिला उपाय म्हणजे माती आणि लाकूड यांची गाठ पडू न देणे. पूर्वीचे सुतार व गवंडी खांब जमिनीत पुरीत नसत. तो तळखड्यावर म्हणजे दगडी बैठकीवर उभा करीत. घराचे जोतेही दगडाचे आणि उंच असे. त्यामुळे वाळवीला वर चढायचे झाल्यास दगडावरून उघड उघड नळी बांधावी लागे आणि ती घरच्यांच्या नजरेस पडे. ते लाकूडही पारखून घेत. सागाच्या गाभ्याचे लाकूड वाळवीला सहसा दाद देत नाही, परंतु त्याच झाडाचा बाहेरचा फिकट भाग ती खाते. सावर, आंबा यांसारखे मऊ लाकूड तर तिला फारच सोयीचे. याच कारणासाठी जळणाच्या मोळ्या, जुनी खोकी किंवा गवताच्या पेंढ्या भिंतीला टेकून ठेवू नयेत. अंगणात तोडलेल्या झाडाचा बुंधा राहिला असेल, तर तो मुळासकट काढावा.

दुसरा उपाय म्हणजे ओल हटवणे. पावसाळ्यापूर्वी घर शाकारताना फुटके कौल बदलावे, कारण गळक्या कौलाखालचा वासा भिजतो आणि भिजलेला वासा वाळवीला आवडतो. पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायथ्याशी मुरू देऊ नये, त्याला चर काढून वाट द्यावी. मोरीची गळती, झिरपणारा नळ आणि भिंतीतील ओल यांची दुरुस्ती लांबणीवर टाकू नये. खोल्यांतून हवा व प्रकाश खेळता ठेवावा.

तिसरा उपाय म्हणजे वाळवीला निवांतपणा न मिळू देणे. हा उपाय बिनखर्चाचा आहे आणि मुलांनाही करता येण्याजोगा आहे. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावे, म्हणजे मागे पाहता येते. पुस्तकांचे गठ्ठे जमिनीवर रचू नयेत. दसऱ्याला पुस्तकांची पूजा करतात. त्या निमित्ताने सर्व पुस्तके खाली काढून झाडावी, त्यांना हवा द्यावी आणि कपाटाच्या फळ्या पुसून घ्याव्या. माळ्यावरील अडगळ वर्षातून दोनदा तरी हलवावी.

वारली लोकांच्या जुन्या पद्धतीच्या घरांतून या तिसऱ्या उपायाचे चांगले उदाहरण मिळते. त्यांच्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या असतात आणि त्यांवर माती व शेण यांचा लेप असतो. काठ्या आणि माती जेथे एकत्र आहेत, तेथे वाळवीची भीती अधिक. परंतु या भिंती वेळोवेळी सारवल्या जातात, आणि सारवणाऱ्या हाताला भिंतीची वीत न् वीत लागते. कोठे पोकळी आली, कोठे नवी नळी चढली, ते ध्यानात येते. चुलीच्या धुराने वरचे वासेही कोरडे राहतात. याच भिंतींवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढतात. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हशे यांनी ही चित्रकला कागदावर व कापडावर आणली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री हा किताब मिळाला. भिंतीवरचे चित्र भिंतीइतकेच टिकते. कागदावरचे चित्र अधिक टिकावे, तर कागदालाही भिंतीसारखीच राखण लागते.

सिमेंटच्या घरात वाळवी येत नाही, ही समजूत मात्र चुकीची आहे. फरशीच्या सांध्यातून, भिंतीच्या तड्यातून किंवा नळाच्या भोकातून ती वर येते आणि चौकटी, कपाटे व पुस्तके गाठते. म्हणून असे तडे व भोके वेळीच बुजवावी. नवे घर बांधताना पायाच्या मातीवर वाळवीरोधक औषधाची प्रक्रिया करतात. ती कशी करावी, हे भारतीय मानक क्रमांक ६३१३ मध्ये सांगितले आहे.

वाळवी घरात शिरलीच, तर काय करावे? नुसत्या नळ्या खरवडून काढल्या, की काम झाले असे वाटते. पण वसाहत जमिनीत सुरक्षित असते आणि दुसरी नळी लवकरच तयार होते. घासलेट ओतल्याने समोरची वाळवी मरते, राणीपर्यंत ते पोहोचत नाही, आणि आगीचा धोका मात्र निर्माण होतो. प्रथम ओलीचे कारण शोधून दूर करावे, पोखरलेले लाकूड काढून टाकावे आणि औषधाचे काम माहीतगार माणसाकडून करवून घ्यावे. ही औषधे विषारी असतात. आल्ड्रिन, क्लोरडेन व हेप्टाक्लोर ही विषे पूर्वी वाळवीसाठी सर्रास वापरीत. ती माती-पाण्यात वर्षानुवर्षे टिकतात व प्राण्यांच्या शरीरात साठतात, असे आढळल्यामुळे २००१ च्या स्टॉकहोम करारात त्यांचा समावेश झाला आणि भारतातही त्यांवर बंदी आहे. आजची औषधेही विहिरीजवळ, स्वयंपाकघरात किंवा गोठ्यात बेफिकिरीने वापरू नयेत. मुलांनी तर त्यांना हातही लावू नये.

मुलांचे काम पाहण्याचे आणि सांगण्याचे आहे. मोठी माणसे आपल्या कामात गुंतलेली असतात. वाकून कपाटाखाली पाहणे, कोपऱ्यात शिरणे, चौकटीवर बोटाने टकटक करणे मुलांना सहज जमते. मातीची एखादी बारीक रेघ भिंतीवर चढताना दिसली, तर ती पुसून गप्प न बसता घरातील वडील माणसांना दाखवावी. रेघ एक वीत असतानाच दिसली, तर अर्ध्या दिवसाच्या कामाने खांब वाचतो; ती वाशांपर्यंत पोहोचल्यावर दिसली, तर छप्परच उतरवावे लागते.

स्वाध्याय

१. वाळवी व मुंगी यांतील तीन फरक सांगा.
२. वाळवी मातीची नळी का बांधते?
३. रानात उपयोगी असणारी वाळवी घरात उपद्रवी का ठरते?
४. खांब तळखड्यावर उभा करण्यात पूर्वीच्या कारागिरांनी कोणता विचार केला होता?
५. ‘वाळवी लागणे’ हा वाक्प्रचार आपण एखाद्या संस्थेविषयीही वापरतो. त्याचा अर्थ सांगून तो वाक्यात वापरा.
६. वडील माणसांना बरोबर घेऊन आपल्या घराची किंवा शाळेच्या ग्रंथालयाची पाहणी करा. माती, ओल आणि निवांतपणा या तीन गोष्टी वाळवीला कोठे मिळू शकतील, त्या जागांची यादी करा.